ब्राह्मीपेक्षा परवचा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई ५१ वर्षांच्या, शाळेत शिकवतात. स्वयंपाकघरात गेल्यावर कशाला आलो तेच आठवत नाही. वर्गातल्या मुलांची नावं पूर्वी आठवड्यात पाठ व्हायची, आता दिवाळी उजाडते. घरात सासरे ७८ वर्षांचे, तेच तेच परत विचारतात. मुलगा बारावीला, रात्री पाठ केलेलं सकाळी कोरं. तिघांनाही उपयोगी पडतील अशा रोजच्या सवयी कोणत्या, आणि ब्राह्मीच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

ताई, उत्तर लांबणार आहे, तेव्हा आधी हातात एक काम देते. हे पाच शब्द एकदा मोठ्याने म्हणा: कंदील, गवार, रेशीम, विहीर, चप्पल. झालं? लिहून ठेवायचे नाहीत. पुढे चला.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मेंदूविकाराच्या ओपीडीत २२ वर्षं स्मृतीच्या चाचण्या घेते आहे. "मॅडम, मंगळवारी छत्री रिक्षात राहिली, गुरुवारी आमटीत मीठ दोनदा पडलं," अशी आपल्या विसरण्याची तारीखवार यादी सांगणाऱ्या बाईची चाचणी बहुतेकदा चांगली येते. काय काय विसरलो हे इतकं नीट लक्षात राहतंय, म्हणजे यंत्र चालू आहे. धास्ती वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या माणसांची. ती म्हणतात, "मला काही झालेलं नाही, हिलाच उगीच वाटतं." आणि काल रात्री काय जेवलात असं विचारलं की उत्तरासाठी मान वळवून बायकोकडे बघतात. तुमचा प्रश्न पहिल्या प्रकारातला आहे.

स्वयंपाकघराचं आधी बघू. हॉलमधून कात्री आणायला तुम्ही उठता. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी होते, पालकांच्या ग्रुपवर मेसेज वाजतो, आणि दारातून आत जाईपर्यंत कात्री गायब. ती विसरली म्हणायला आधी नीट आत तर शिरायला हवी होती. क्षणभर धरून ठेवायच्या गोष्टींना मेंदूत जागा फार थोडी असते, जेमतेम तीन-चार गोष्टींची. नवीन आली की जुनी निसटते. त्यात दाराचीही एक गंमत आहे. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात गॅब्रिएल रॅडवान्स्की यांनी २०११ मध्ये दाखवलं की तेवढंच अंतर एकाच खोलीत चालण्यापेक्षा दार ओलांडून चाललं की मनात धरलेलं जास्त सुटतं. म्हणून तर परत हॉलमध्ये जाऊन उभं राहिलं की कात्री आठवते. हे प्रयोग कॉलेजातल्या मुलांवर झाले होते, तेव्हा वयाला बोल लावू नका.

उपाय अगदी साधा आहे. उठताना ओठांनी "कात्री" म्हणायचं. गॅस, कुलूप, गीझर, इस्त्री यांचंही तेच. हात सवयीने बटण फिरवतो, मन डब्याच्या भाजीत असतं, आणि बसस्टॉपवर पोचल्यावर जीव टांगणीला लागतो. बटण बंद करताना त्याकडे बोट दाखवा आणि "गॅस बंद" असं म्हणा. घरातले हसतील, हसू द्या. जपानमधले रेल्वेचालक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात. चुका टाळण्यासाठी तिथली ती रीतसर पद्धत आहे. चाव्यांना एकच खुंटी, चष्म्याला एकच जागा, गोळ्यांना सात कप्प्यांची डबी. वस्तूंच्या जागा आठवण्यात डोकं खर्चू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लिहिल्याने स्मरणशक्ती गंजते हे बोलणंही सोडून द्या. किराणा यादी लिहायचीच. फक्त दुकानात पोचल्यावर ती पर्समधून काढण्याआधी एकदा मनात म्हणून बघायची. हे "काढण्याआधी" लक्षात ठेवा, त्यावर पुढे येते.

मुलांच्या नावांची गोष्ट वेगळी. १९८७ मधला एक प्रयोग आहे. लोकांना अनोळखी चेहरे दाखवले, प्रत्येकाचं आडनाव सांगितलं आणि व्यवसायही. इंग्रजीत बेकर हे आडनावही आहे आणि पाव भाजणाराही बेकरच. शब्द तोच, तरी व्यवसाय लक्षात राहिला आणि आडनाव सुटलं. आपल्याकडे सुतार घ्या. "हे सुतारकाम करतात" म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास सगळं डोळ्यांपुढे येतं. "हे सुतार" म्हटलं की काहीच येत नाही, आणि ते असतात बँकेत. नावाला धरायला कडी नसते, ती आपण लावून द्यायची. मी नव्या माणसाच्या आडनावाचं गाव विचारते. मग ते आडनाव एकटं राहत नाही.

तरी कडीपेक्षाही जास्त काम करतं ते लगेच परत बोलावणं. हजेरी घेताना नाव वाचून चेहरा बघू नका. चेहरा बघा, नाव आठवायला दोन-तीन सेकंद द्या, मग वहीत बघा. पहिल्या दिवशी पुढच्या बाकांवरची पाच, तास संपताना तीच पाच, दुसऱ्या दिवशी हजेरीआधी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. थॉमस लँडॉवर आणि रॉबर्ट ब्योर्क यांनी १९७८ मध्ये नावांवरच प्रयोग करून दाखवलं की आठवण्यातलं अंतर असं वाढवत नेलं की नावं टिकतात.

एक गोष्ट बायका मोकळेपणी बोलत नाहीत, ती मीच बोलते. पाळी जाण्याच्या आसपासच्या काळात शब्द ओठांवर अडकणं, नवीन गोष्ट पक्की व्हायला वेळ लागणं हे खरंच घडतं. अमेरिकेत मध्यमवयीन स्त्रियांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. तिचे २००९ मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात की या संक्रमणाच्या काळात नवं शिकण्याचा वेग मंदावतो आणि पाळी पूर्ण थांबल्यावर तो परत येतो. रात्री घामाने झोपमोड होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. चार रात्री तुटक झोपलेल्या तरुण माणसाचीही चाचणी वाईट येते.

आता परवचा.

आजोळी दिवेलागण झाली की आम्हा पोरांना ओळीने बसवत. पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, ज्याचा आज कुणालाच उपयोग नाही. मग महिने, तिथी, नक्षत्रं, श्लोक. आजोबा डोळे मिटून ऐकायचे आणि चुकलं की डोळे न उघडता फक्त खाकरायचे. त्या वेळी छळ वाटायचा. मानसशास्त्र शिकायला लागल्यावर कळलं की त्यात सगळ्यात मोलाची गोष्ट ही होती की समोर पुस्तक नसायचं. वारीत हरिपाठ म्हणणारे, शाळेचं तोंड न पाहिलेले कितीतरी शेतकरी मी पाहिलेत. त्यांनीही तो म्हणून म्हणूनच पाठ केलेला असतो.

वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपण समजतो की तो आपल्याला येतो. ही ओळख फसवी असते. वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर पारडं फिरलं: दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. तुमच्या मुलाची सगळी कथा या चार आकड्यांत आहे. तो रात्री पिवळ्या मार्करने ओळी रंगवतो, तिसऱ्यांदा वाचतो, "येतंय" म्हणून झोपतो. त्याला सांगा, धडा एकदा वाच, पुस्तक मीट, कोऱ्या कागदावर आकृतीसकट उतरव, मग पुस्तक उघडून लाल पेनने भर घाल. दुसऱ्या दिवशी परत, चार दिवसांनी परत. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून मांडलं होतं की अर्थहीन अक्षरांच्या याद्या तासाभरातच अर्ध्याहून जास्त निसटतात आणि मग घसरण मंदावते. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी. आणि रात्री दोनपर्यंत जागणं बंद. दिवसभराचं कच्चं टिपण पक्क्या वहीत उतरवायचं काम मेंदू गाढ झोपेत करतो. झोप कापली की तेच काम कापलं जातं.

मोठ्यांसाठी परवचा कसा करायचा ते सांगते, कारण गोळीपेक्षा मी हाच लिहून देते. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. सकाळपासून कोण कोण भेटलं, त्यांनी काय सांगितलं, पेपरातली एखादी बातमी कुठल्या गावची होती. मग दिवसाचा जमाखर्च मनात मांडायचा: दूध, रिक्षा, भाजी, पोराला दिलेले. बेरीज करायची आणि त्यानंतरच यूपीआयची यादी उघडून ताडून बघायचं. परवा माझ्या हिशेबात ९० रुपये कमी पडले. दोन मिनिटं डोकं खाजवल्यावर आठवलं, सिग्नलवर पेरू घेतले होते. ती जी दोन मिनिटांची धडपड असते ना, औषध तिथेच आहे. आठवेना म्हटल्याबरोबर फोन उघडला तर व्यायाम फुकट. नटाचं नाव आठवत नसेल तर गूगल करण्याआधी त्याचा सिनेमा, नायिका, थिएटर, सोबत कोण होतं असं गोल गोल फिरून बघा. नाव मिळालं नाही तरी दहा दुसऱ्या गोष्टी हाताला लागतात.

सुडोकूबद्दल सगळेच विचारतात. सुडोकूने सुडोकू सुधारतं. अमेरिकेत २,८३२ वयस्कर लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, २००२ मध्ये त्याचे निकाल आले. ज्या गटाला ज्याचं प्रशिक्षण दिलं त्यात तो सुधारला, बाकीच्यात नाही. त्यापेक्षा हातानं, डोळ्यांनी, डोक्यानं एकदम करावं लागेल असं नवं काहीतरी शिका, जे सुरुवातीला अजिबात जमणार नाही. डेनिस पार्क यांच्या २०१४ मधल्या प्रयोगात साठीपुढच्या माणसांना तीन महिने, आठवड्याला पंधराएक तास, गोधडीसारखं शिवणकाम किंवा डिजिटल फोटोग्राफी शिकवली. त्यांची घटना लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली. नुसत्या गप्पा, सहली, खेळ करणाऱ्या गटाची तितकी नाही. म्हणजे भिशीला जा जरूर, पण ती पेटीच्या क्लासची जागा घेणार नाही.

ब्राह्मीचं तुम्ही थेट विचारलंत, तर थेटच सांगते. आधी कुठली ब्राह्मी? आपल्याकडे एका नावाखाली दोन वनस्पती चालतात. एक कारिवणा, गोल पानांची, आणि दुसरी जलब्राह्मी. प्रयोग जास्त झाले ते जलब्राह्मीवर. सुमारे १२ आठवडे रोज घेतल्यावर शब्द आठवण्यात थोडा फरक काही छोट्या अभ्यासांत दिसला. पोट बिघडण्याची तक्रारही दिसली. घ्यायचीच असेल तर वैद्यांना विचारून घ्या. मी अडवणार नाही आणि सुचवणारही नाही. गिंको नावाच्या महागड्या कॅप्सूलवर मात्र पैसे घालवू नका. ३,०६९ वयस्कर लोकांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून २००८ मध्ये निकाल लागला की त्याने स्मृतिभ्रंश टळत नाही. बदाम खा, चांगले लागतात.

त्या पैशांत रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासा. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती, २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं. शाकाहार, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, त्यात रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी, असं त्रिकूट जमलं की शंका घ्यायलाच हवी. सोबत थायरॉइड, साखर, रक्तदाब. ही कमतरता भरून निघाल्यावर "डोक्यातलं धुकं गेलं" म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि दुर्लक्ष करून दोन वर्षांनी आलेलीही.

तशीच घरातली गोळ्यांची पिशवी एकदा टेबलावर ओता. मी ओपीडीत हे करायलाच लावते. झोपेसाठी "अर्धीच घेते" म्हणून दहा वर्षं चालू असलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, सर्दीची जुन्या धाटणीची गुंगी आणणारी गोळी, वारंवार लघवीसाठीच्या काही गोळ्या: वयस्कर माणसांत स्मृती बोथट करणारी ही नेहमीची मंडळी. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने झटकन बंद करू नका, त्याचे वेगळे धोके आहेत. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात. आणि घरात कुणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास अडकून दचकत असेल, तर तीही तपासायची गोष्ट आहे, थट्टेची नाही.

चालण्याबद्दल लोक मान डोलावतात आणि घरी बसतात. ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवरचा एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्मे लोक वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं झपाट्याने चालले, निम्म्यांनी ताणण्याचे हलके व्यायाम केले. स्मृतीशी थेट संबंध असलेला मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग चालणाऱ्यांत सुमारे २ टक्के वाढला, दुसऱ्या गटात सुमारे १.४ टक्के घटला. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका स्वच्छ फरक आलेला नाही, पण रक्तदाब, साखर, झोप या तिन्हींसाठी चालणं लागतंच, तेव्हा वाद कशाला. दम थोडा वर यायला हवा. बागेच्या बाकावर बसून आलेले ४० मिनिटांत धरू नयेत.

सासऱ्यांकडे येते. आधी एक करून बघा. टीव्ही बंद करा, तुमचं तोंड त्यांना दिसेल असं समोर बसा, त्यांच्या प्रश्नाचं सावकाश उत्तर द्या आणि त्यांच्याकडून ते वदवून घ्या. दहा मिनिटांनी तोच प्रश्न परत आला नाही, तर आधीच्या वेळी त्यांना उत्तर ऐकूच आलं नसण्याची शक्यता मोठी. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. कधी कधी नुसता मळ निघतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत, त्यात कमी ऐकू येणं आहे, आणि ही सगळी मिळून जगातले जवळपास ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील असा अंदाज आहे. ऐकू येण्याच्या यंत्राने सगळ्यांनाच फायदा होतो असं नाही. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं झालेल्या प्रयोगात एकूण फरक दिसला नाही; ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात मात्र घसरण जवळपास निम्मी झाली. पण कपाटात ठेवलेल्या यंत्राने कुणालाच फायदा होत नाही, आणि आपल्याकडे निम्मी यंत्रं कपाटातच असतात, असं मला आपलं वाटतं.

नीट ऐकूनही तोच प्रश्न परत आला, तर थांबू नका. ओपीडीत शब्द आठवला नाही की मी इशारा देते, "एक फळभाजी होती." काहींचा चेहरा उजळतो, "भोपळा!" माल आत आहे, फक्त फडताळ सापडत नव्हतं. थकवा, उदासी, झोप, वय यांत असं होतं. काहींना इशाऱ्यानेही काही सापडत नाही, उलट ते म्हणतात, "तुम्ही शब्द कधी दिलेत?" अशांना मी त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवते. घरी तुम्ही बघायच्या खुणा: रोजच्या गल्लीत रस्ता चुकणं, नोटा देताना गोंधळ, आयुष्यभर केलेल्या कामाचा क्रम विसरणं, शांत माणूस संशयी होणं. आणि हे चार-आठ दिवसांत अचानक झालं असेल तर सरळ दवाखाना गाठा. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, किंवा महिन्यापूर्वी पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, यांवर उपचार आहेत. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे बहुतेकांना तो नाही, पण ज्यांना आहे त्यांना "म्हातारपणी असंच व्हायचं" म्हणून घरी बसवलं जातं. सासऱ्यांनाही परवच्याला बसवा. कालचं विचारून ओशाळवू नका. त्यांच्या गावच्या बाजारात कुठल्या दुकानाशेजारी कुठलं दुकान होतं, हे नातवाला सांगायला लावा.

आता ते पाच शब्द. वर न बघता. अडलात तर इशारे देते: एक उजेडाचा, एक भाजी, एक कापड, एक पाण्याची, एक पायातली. आले असतील तर उद्या सकाळी दूध तापायला ठेवाल तेव्हा परत म्हणा, मग रविवारी. आणि दूध उतरवताना "गॅस बंद".